करंगळीचं अक्षर

माझे यजमान रेल्वेत गार्ड होते आणि मी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवत होते. त्यामुळे शांतता नावाची काही चीज असते हे आमच्या मुलांना बऱ्याच उशिरा कळलं. दौंडला स्टेशनकडून गावात येताना एक किराणा दुकान होतं, त्याच्या माडीवर माझी इन्स्टिट्यूट. खाली रुळांवर मालगाडीचे डबे एकमेकांना धडका देत जोडले जायचे आणि वर आमची खडखड चालू. नवीन माणूस जिना चढून आला की ओरडूनच बोलायचा. आम्ही जुनी मंडळी मात्र साध्या आवाजात बोलायचो, कारण समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायची सवय झाली होती.

सांगते हे नव्वदच्या दशकातलं. तेव्हा क्लार्कची नोकरी हवी तर टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, आणि ते मिळवायला सरकारी परीक्षा द्यावी लागायची. माझ्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाच्या बॅचेस असत. मशीन म्हणजे लोखंडी धूड. बोटानं की दाबली की आतून एक दांडी उठते आणि शाईच्या रिबनवर आपटून कागदावर अक्षर उमटवते. वीज नाही, पडदा नाही, सगळा जोर तुमच्या बोटाचा. ओळ संपत आली की बारीकशी घंटी वाजते आणि मग डाव्या हातानं कॅरेज, म्हणजे कागदाचा सरकता रूळ, ढकलून नवी ओळ धरायची. दहा-बारा मशिनांच्या घंट्या वेगवेगळ्या वेळी वाजायच्या. पाहुणे म्हणायचे, "बाई, डोकं नाही का हो उठत?" मला उलट सुट्टीच्या दिवशी डोकं दुखायचं.

शिकणाऱ्यांशिवाय बाहेरची कामंही यायची. एक निवृत्त गार्डसाहेब दर महिन्याला रेल्वेला तक्रार टाइप करायला यायचे आणि माझ्यावर विश्वास नसल्यामुळे स्वतः एका बोटानं करायचे. अर्ध्या तासात दोन ओळी होत आणि त्यातही रेल्वेचा उद्धार तोंडी जास्त. पंचायतीला उभे राहिलेले एक गृहस्थ भाषण घेऊन आले होते. ते मध्येच मला थांबवून म्हणायचे, "बाई, हितं टाळ्या पडतील, जरा जागा सोडा." मी जागा सोडली. ते निवडणुकीत पडले. पण भाषणातलं व्याकरण मी सुधारलं नाही, त्यांना शोभेल असा एक शब्दही पदरचा घातला नाही. आमच्या धंद्याचा तो पहिला नियम. समोर जे असेल तेच उमटवायचं, एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. बोलणाऱ्याला काय म्हणायचं असेल ते त्याचं त्याच्यापाशी. हा नियम पुढं एका पोरीला कामाला आला. तिचीच गोष्ट सांगायची म्हणून तर लिहायला बसले.

तिचं खरं नाव लिहीत नाही. तिलाच फोन करून विचारलं, तर म्हणाली, "सुरेखा लिवा बाई. मला ते नाव लहानपणापासनं पायजे होतं." तर सुरेखा. शिरूर तालुक्यातल्या केंदूरची. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं घर, वडिलांनी विहीर पाडली आणि शेतीत स्थिरावले. बारावी झाल्यावर भावकीतल्या सगळ्यांनी लग्नाचा धोशा लावला होता. वडिलांनी, म्हणजे आबांनी, कुणाचं ऐकलं नाही आणि तिला दौंडला मामाकडे रेल्वे कॉलनीत ठेवलं. टायपिंगचं सर्टिफिकेट होईपर्यंत मुदत मागून घेतली होती म्हणे. घरातून बाहेर पडलेली पहिली मुलगी. तिच्या मागं अलका नावाची धाकटी बहीण होती, आणि हिचं बरं झालं तर अलकाची वाट मोकळी होणार होती. हिचं काही कमीजास्त झालं असतं, तर दोघींचीही वाट बंद.

पोरगी काटक, उंच, बोलायला खणखणीत. पहिल्याच आठवड्यात तिनं शेजारच्या मशीनवरच्या मुलाला सांगितलं होतं, "किजकडं काय बघतोस, तिथं काय परीक्षेचा पेपर हाय का?" मी नव्या मुलांच्या किजवर पुठ्ठ्याचं छप्पर घालत असे, म्हणजे बोटं दिसत नाहीत आणि नजर कागदावर राहते. सुरेखाचा पुठ्ठा मी महिन्याभरात काढला.

आता करंगळीचं सांगते. इंग्रजी टायपिंगमध्ये 'ए' हे अक्षर डाव्या करंगळीचं. इंग्रजीत हे अक्षर शब्दागणिक येतं आणि देवानं ते दिलंय सगळ्यात अशक्त बोटाला. त्यामुळे नवशिक्याच्या कागदावर बाकीची अक्षरं काळीभोर आणि 'ए' मात्र आजारातून उठल्यासारखा फिकट. सराव झाला की करंगळी तयार होते आणि कागद एकसारखा दिसायला लागतो. मला तर कागद बघायचीही गरज पडत नसे. मी वर्गाकडे पाठ करून, खिडकीशी बाहेरचं काम करत बसायचे आणि कानानं वर्ग चालवायचे. कुणाची करंगळी चुकारपणा करते ते न वळता सांगायचे. पोरं म्हणायची, बाईंना पाठीला डोळे आहेत. मी म्हणायचे, आहेत, आणि त्यांना चष्मा नाही, तेव्हा सांभाळून.

सुरेखाचा 'ए' तीन महिन्यांत ठणठणीत झाला होता. आणि मग तो महेश आला.

महेश हे नाव मी दिलंय. गॅसच्या एजन्सीत कामाला होता. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. त्या काळात सिलिंडरसाठी किती वाट बघावी लागायची ते ज्यांनी स्टोव्ह पेटवलेत त्यांना ठाऊक आहे. मामींचा सिलिंडर तो वेळेआधी आणून द्यायचा, त्यामुळे मामींच्या लेखी तो देवमाणूस. एकदा सगळ्या बॅचला गरम भजी घेऊन आला. मीही खाल्ली, खोटं कशाला बोलू. सुरेखा लाजली, पोरांनी चिडवलं, मला आपलं बरं वाटलं. वयच ते.

नंतर एकेक सुरू झालं, आणि प्रत्येक गोष्टीला छान कारण असायचं. संध्याकाळची बॅच सोडून ती सकाळच्या मुलींच्या बॅचला आली, कारण अंधार पडतो. मग भिंतीकडचं मशीन मागितलं, कारण दारातून वारा लागतो. मग शेजारच्या मुलींशी बोलणं बंद झालं, कारण अभ्यास. पंजाबी ड्रेस गेले, कारण महेशला साधेपणा आवडतो. मी मनात म्हणायचे, प्रेमात पोरी असंच करतात. तास संपायच्या आधीच खाली त्याची मोटरसायकल यायची आणि हॉर्न दोनदा वाजायचा. तो वाजला की सुरेखाचं मशीन तिथल्या तिथं थांबायचं. ओळ पुरी नाही, शब्द पुरा नाही, अर्ध्या शब्दावर. टायपिंग शिकलेलं माणूस अर्धा शब्द सोडून उठत नाही हो. बोटंच ऐकत नाहीत. हिची बोटं ऐकायला लागली होती, पण त्याचं.

एके सकाळी मी खिडकीशी बसले असताना पाठीमागून 'ए' गायब झाला. बाकी सगळं नेहमीसारखं आणि मध्ये मध्ये भोक. मी उठले, तिच्या मशीनशी जाऊन उभी राहिले. करंगळी सुजून जांभळी झाली होती आणि ती अक्षर दाबताना श्वास रोखून धरत होती. विचारलं तर म्हणाली, दारात चेमटली. पण त्याच आठवड्यात भाजी घेऊन येताना मला सुरेखा आणि महेश रस्त्यात पुढं चालताना दिसले. त्यानं तिचा हात धरला होता. लोकांना वाटावं, काय जोडी आहे. समोरून तिच्या जुन्या बॅचमधला एक मुलगा आला, त्यानं मान हलवली, हिनं मान वर केली. आणि मला दिसलं की महेशनं हात धरलेलाच नव्हता. त्यानं फक्त तिची करंगळी धरली होती, आणि ती मागं वाकवली. ती हसतच होती. भर बाजारात कुणाला काही कळलं नाही. माझ्या हातातली पिशवी मात्र खाली पडली आणि टोमॅटो गडगडत गेले.

मला राग फार लवकर येतो. त्या दिवशी त्याच्या डोक्यात नारळ घालावासा वाटला होता, आणि पिशवीत नारळ होताही. पण मी मामींना सांगितलं असतं तर मामींनी आबांना कळवलं असतं, आणि भावकीनं पोरीला उचलून पहिलं येईल त्या स्थळाच्या गळ्यात बांधलं असतं. महेशला हे माझ्याआधी समजलं होतं. त्यानं तिला स्टुडिओत नेऊन दोघांचा फोटो काढून घेतला होता. ती जरा मागं सरली की म्हणायचा, फोटो केंदूरला पाठवतो. हे मला कसं कळलं ते पुढं येतंच.

दुपारी एक ते तीन माझी इन्स्टिट्यूट बंद असे. मी सुरेखाला थांबवून घेतलं, मराठीच्या मशीनमध्ये कागद घातला आणि म्हटलं, "आज तू सांगायचं आणि मी टाइप करायचं. महेश काल तुला काय बोलला, तेवढंच सांग. मी एक शब्द विचारणार नाही."

तिनं एकदा दाराकडं बघून घेतलं. मग म्हणाली, "त्यो म्हणला, मला तुझी काळजी वाटती."

माझी बोटं हलली नाहीत. "हेच शब्द म्हणाला?"

"न्हाई. म्हंजी, त्याला तसं म्हणायचं होतं."

"सुरेखा, टायपिस्टचं काम काय? म्हणायचं काय होतं ते आपण टाइप करतो का?"

तिनं मान हलवली. आणि मग सांगायला लागली. सुरुवातीला अडखळत, मध्येच त्याची बाजू घेत. ती बाजू घ्यायची तेव्हा मी थांबायचे, ती शब्दांवर यायची तेव्हा टाइप करायचे. असं करता करता अर्धं पान भरलं. तू कुणाकडं बघून हसतीस ते मला समजतं. तुला माझ्याशिवाय कुत्रं विचारणार नाही. माझी सहनशक्ती बघू नकोस. बोट मी नाही मोडलं, तू मोडायला लावलंस. फोटो तुझ्या बापाला पाठवला तर काय होईल माहितीय ना. एवढीच वाक्यं. मी कागद काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, हे अलकाला कुणीतरी सांगितलंय असं समज आणि मोठ्यानं वाच.

तिनं दोन वाक्यं वाचली आणि थांबली. कागद मांडीवर ठेवला. खाली डबे जोडणारं इंजिन शिट्टी देत गेलं.

"अलकीला कुणी असं बोललं," ती म्हणाली, "तर मी तिला हात धरून घरी घिऊन जाईन."

मग तिनं कागद फाडला, तुकडे पाण्याच्या बादलीत टाकले आणि माझ्या पदरात तोंड खुपसून रडली. मी पण रडले. बाहेरच्या कामाची एक फाइल ओली झाली, ती नंतर मला परत टाइप करावी लागली.

आता तुम्हाला वाटेल की झालं, पोरगी शहाणी झाली. कसलं काय. पुढच्याच आठवड्यात ती परत त्याच्या गाडीवर बसून गेली. तो मामींच्या स्वयंपाकघरात बसून रडला होता म्हणे, माझ्यासारख्या अनाथाला कोण आहे म्हणून. त्याचे आईवडील धडधाकट होते, ते वेगळं. मी आतल्या आत इतकी जळत होते की यजमान म्हणाले, तू बोलत का नाहीस तिला? पण मी बोलले असते तर ती मलाही टाळायला लागली असती, आणि महेशला तेच हवं होतं. मी फक्त रोज तास संपल्यावर विचारायचे, "आज काय शब्द?" ती सांगायची. हळूहळू त्याची बाजू घेणं कमी होत गेलं. कधी कधी सांगताना तिला स्वतःलाच हसू यायचं. एकदा म्हणाली, "बाई, ह्या माणसाला चारच वाक्यं येत्यात. तीच फिरवून फिरवून." मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा तो म्हणाला, परीक्षेला बसायचं नाही, नोकरी करणारी बायको मला नको. ती पहिल्यांदा नाही म्हणाली. त्यानं पुन्हा तीच करंगळी वाकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली, मशीनवर बसलीच नाही, म्हणाली, "बाई, शिरूरची एसटी किती वाजता हाय? त्यानं फोटो धाडायच्या आधी मीच आबांना सांगते."

मी इन्स्टिट्यूटला कुलूप घातलं. दाराला पाटी लावायचंही भान नव्हतं. शिरूरला गाडी बदलून केंदूरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गाडीत ती सारखी पुटपुटत होती. मी विचारलं तर म्हणाली, "वाढवायचं न्हाई, गाळायचं न्हाई, तसं सांगायचं पाठ करती."

आबा गोठ्याच्या सावलीत एका कोकराचा पाय बघत बसले होते. पाचसहा मेंढरं अजून ठेवली होती, सवय म्हणून. उंच, कोरडा माणूस. मला बघून उठले, बाजेवर वाकळ टाकली, चहा सांगितला आणि पुन्हा कोकराशी बसले. सुरेखा उभ्या उभ्याच बोलायला लागली. नाव, गाडी, फोटो, बोट, सगळं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. आतून आई बाहेर आली ती दाराशीच थिजली. मला वाटत होतं, आता हा माणूस म्हणणार, बस झाली तुझी शाळा.

आबांनी कोकरू सोडलं, हात धोतराला पुसले आणि तिचा डावा हात हातात घेतला. करंगळीचं एकेक पेर हळूच दाबून बघितलं, कोकराचा पाय बघत होते तसंच. ती कळवळली तिथं थांबले.

"परीक्षा कवा हाय?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यात बरीच भाषणं टाइप केली, पण त्या तीन शब्दांच्या तोडीचं एकही नाही. सुरेखानं सांगितलं, महिनाभरावर. आबा म्हणाले, मग पाबळला डॉक्टरकडं आत्ताच जाऊ, हे बोट तवर बरं व्हाया पायजे. भावकीचं काय, असं आई हळूच म्हणाली. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, "भावकीला टायपिंग येतं का?"

तो विषय तिथं मिटला.

करंगळीला पट्टी बांधून सुरेखा दौंडला परत आली ती आबांना घेऊनच. शेत पुतण्यावर सोपवून आबा मामाकडे राहिले आणि रोज सकाळी तिच्याबरोबर माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये येऊन दाराजवळच्या बाकावर बसायला लागले. घोंगडी मांडीवर, काठी भिंतीला. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, लई गलका हाय, पन बरा वाटतो." मामींचा चेहरा पडला होता. त्या महेशला दारात उभं करेनात. गॅस संपला तर पुढचा नंबर लागेपर्यंत त्यांनी स्टोव्हच्या धुरात स्वयंपाक केला, पण त्याला हाक मारली नाही. मी मामींना मनातून हात जोडले.

चार दिवस महेश आला नाही. मग एका सकाळी खाली मोटरसायकल थांबली आणि हॉर्न दोनदा वाजला.

मी खिडकीशी पाठमोरी होते. वर्गातली सगळी मशिनं थांबली. मुलींना सगळं ठाऊक झालं होतं. एकच मशीन चालू होतं, भिंतीकडचं. करंगळीची जागा रिकामी, कारण पट्टी होती, पण बाकी बोटं पळत होती. घंटी वाजली, कॅरेज सरकलं, नवी ओळ सुरू झाली. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. शब्द पुरा झाला, पुढचा सुरू झाला. मग शेजारचं मशीन चालू झालं, मग त्याच्या पलीकडचं, आणि बघता बघता माडी अशी दणाणली की खालचा किराणावाला काय झालं म्हणून जिन्यात आला. मी पाठच करून बसले होते, कारण माझ्या तोंडावरचं हसू मुलींनी बघितलं असतं तर माझा धाक संपला असता.

महेश वर आला. त्याला वाटलं असणार की बाकावरचा म्हातारा कुणातरी मुलीचा बाप असेल. खरंच होतं ते. त्यानं सुरेखाकडे बघून म्हटलं, खाली ये, नाहीतर आत्ताच्या आत्ता केंदूरला जातो. आबा म्हणाले, "कशाला एवढं लांब जातूस? मी केंदूरचाच हाय. तिचा बाप."

महेशचा रंग उतरला. पण असली माणसं हटत नाहीत, त्यानं खिशातून फोटो काढला आणि आबांच्या हातात दिला. बघा तुमच्या मुलीचे उद्योग, म्हणाला. मी उठून उभी राहिले होते. सुरेखाचं मशीन चालूच होतं.

आबांनी फोटो लांब धरून बघितला, मग उजेडाकडं नेऊन बघितला. स्टुडिओतला फोटो, मागं रंगवलेला बगीचा. महेश छाती काढून उभा, त्याचा हात तिच्या खांद्यावर.

"पोरगी चांगली आलीया फोटोत," आबा म्हणाले. "आमच्याकडं तिचा एक बी धड फोटो न्हाई. ह्यो ऱ्हाऊ दे मला." आणि फोटो घोंगडीच्या घडीत सरकवून ते पुन्हा पहिल्यासारखे बसले.

महेश उभाच राहिला. त्याच्याजवळ जेवढं होतं तेवढं संपलं होतं. कुणी त्याच्यावर ओरडलं नाही, हात उगारला नाही. खडखड इतकी होती की त्यानं शेवटी काहीतरी म्हटलं ते आम्हाला ऐकूच आलं नाही, आणि ओठ बघायची तसदी कुणी घेतली नाही. तो जिना उतरून गेला. त्यानंतरही तो दोनतीनदा रस्त्यात आडवा आला, पण आता मुली तिच्याबरोबर घोळक्यानं जायच्या. आबा आणि मामा त्याच्या मालकाकडे आणि पोलीस चौकीत जाऊन आले. हळूहळू तो दिसेनासा झाला.

परीक्षेचं सेंटर शिरूरला होतं. तेव्हा परीक्षेला आपापली मशिनं घेऊन जावी लागत, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. आम्ही टेंपोत गाद्या अंथरल्या, मशिनं वाकळांत गुंडाळली आणि पोरं त्यांना लेकरासारखी धरून बसली. सुरेखाची पट्टी सुटली होती. शेवटच्या आठवड्यात तिचा 'ए' परत आला होता, पण रस्त्यातल्या खड्ड्यांत ती बोट सांभाळत होती आणि मी पुढच्या सीटवरून देव आठवत होते.

शाळेच्या हॉलमध्ये आम्हा शिकवणाऱ्यांना प्रवेश नसे. मी आणि आबा बाहेर लिंबाखाली बसलो. आत मशिनांचा एकच गडगडाट सुरू झाला. त्यात मला सुरेखाचं मशीन ओळखू आलं असं मी सांगणार नाही, थापा मारायचं माझं वय गेलं. आणि नेमकं तेव्हाच, शाळेसमोरच्या रस्त्यावरून कुणाची तरी मोटरसायकल गेली आणि तिचा हॉर्न दोनदा वाजला. तो महेश नव्हता, दुधाच्या किटल्या लावलेला एक दूधवाला होता. पण आत बसलेल्या पोरीला ते कुठून दिसणार? आबांनी काठी घट्ट धरली. एवढ्या मशिनांत एक थांबलं तर बाहेर काय कळणार, नुसतं बसून राहिलो.

पोरं बाहेर आली. सुरेखा शेवटी आली, मशीन दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी पुढं होऊन पहिलं तेच विचारलं, "हॉर्न ऐकलास का गं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली.

"कसला हॉर्न?" ती म्हणाली.

ती पास झाली. त्याच्यापेक्षा मला त्या दोन शब्दांचा आनंद जास्त झाला, आणि अजूनही होतो. जखम भरायला मात्र पुढं कितीतरी वर्षं लागली. कुणी मागून हाक मारली की ती दचकायची, चूक नसताना माफी मागायची. लग्नाचं नाव काढलं की उठून जायची, आणि आबांनी कधी घाई केली नाही. शिरूरच्या एका ऑफिसात ती क्लार्क म्हणून लागली. अलका तिच्याजवळ राहून कॉलेज शिकली. पुढं सुरेखानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा बघायला ती मला घेऊन गेली होती. मी त्याला तासभर बोलतं ठेवलं, आणि परत येताना तिनं मला विचारलं, "बाई, काय शब्द?" मी म्हटलं, चारपेक्षा जास्त वाक्यं येतात त्याला.

दोन हजारनंतर कॉम्प्युटर आले आणि माझी माडी बंद झाली. मशिनं भंगारवाल्यानं वजनावर नेली. त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही. मराठीचं ते मशीन मात्र सुरेखा आधीच येऊन घेऊन गेली होती.

मध्यंतरी केंदूरला गेले होते. आबा थकलेत, पण कान शाबूत आहेत. रविवारी सुरेखा तिथं आजूबाजूच्या गावांतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवते, त्या खोलीत मला घेऊन गेली. कोपऱ्यात माझं मशीन, तेल घालून चकाचक. आणि भिंतीवर फ्रेममध्ये तो फोटो. आबांनी शिरूरहून फ्रेम करून आणला होता. महेशची बाजू मागं दुमडून टाकली होती, त्यामुळे रंगवलेल्या बगीच्यासमोर एकटी सुरेखा उभी. पण खांद्यावरचा हात काही पुरता दुमडता आला नव्हता. तिच्या खांद्यावर त्याची चार बोटं राहिली होती. एवढ्या वर्षांनी मी तो फोटो पहिल्यांदा जवळून बघितला, आणि मला दिसलं की ती बोटं खांद्यावर ठेवलेली नव्हती. ती कापडात रुतलेली होती, आणि पोरीचा तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला होता.

मी म्हटलं, अगं, कात्री लावून काढून टाकायची ना ती बोटं.

"आबा पण तेच म्हणत होते," सुरेखा म्हणाली. "मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या. नवीन पोरगी आली की मी तिला पहिल्या दिवशी हितं उभी करते आन् विचारते, ह्या फोटोत काय दिसतं? काही जणी म्हणतात, बाई किती बारीक होता. काही जणींना लगेच बोटं दिसतात."

"मग?"

"ज्यांना लगेच दिसतात, त्यांना मी क्लास सुटल्यावर थांबवून घेते," ती म्हणाली, आणि मशीनमध्ये कोरा कागद घालून ठेवला.